अपडेट करा, पण क्रमाने

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'अपडेट' हा शब्द आपल्या बोलण्यात आता इतका रुळला आहे, की तो बाहेरून आला आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. फोन रात्री चार्जिंगला लावावा, तर सकाळी त्यात काही ना काही अपडेट झालेले असते. आपण विचारत नाही, फोन सांगत नाही आणि बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पण एक वस्तू अशी आहे, की तिच्या बाबतीत सवयीने 'हो' म्हटले तर ते महागात पडू शकते. ती म्हणजे हातात धरून खेळायचे, आणि मूळ रचनेत कुणीतरी बदल केलेले, गेमचे यंत्र.

सोनीचे पीएसपी जपानमध्ये २००४ साली आले. निन्टेन्डोचे थ्रीडीएस २०११ मध्ये आणि स्विच २०१७ मध्ये. आपल्याकडे ही यंत्रे बऱ्याचदा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येतात, नाहीतर कुणाकडून वापरलेली विकत घेतली जातात. वापरलेले यंत्र काही वेळा आधीच 'बदललेले' निघते. आईवडिलांना ते ठाऊक नसते. कधीकधी मुलालाही नसते. मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते, की या गेमचे नवे अपडेट उपलब्ध आहे. दाबायचे की नाही? हा प्रश्न मला पालक आणि मुले दोघेही विचारतात, म्हणून आज त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

बदललेले म्हणजे काय, ते आधी पाहू. कंपनी यंत्र विकते तेव्हा त्याला एक अदृश्य कुलूप असते. कंपनीने डिजिटल सही केलेले प्रोग्रामच त्यावर चालतात. बदललेल्या यंत्रात ही सही तपासण्याची पायरी चुकवलेली असते. त्यामुळे हौशी मंडळींनी लिहिलेले छोटे प्रोग्राम चालतात, आपल्या खेळाची नोंद बाहेर काढून ठेवता येते आणि दुर्दैवाने चोरीचे गेमही चालतात. चोरीच्या गेमविषयी मी काही सांगणार नाही. ज्याने गेम पैसे देऊन घेतला आहे, त्याने तो अशा यंत्रावर सुरक्षितपणे अद्ययावत कसा ठेवावा, एवढाच आजचा विषय आहे.

अशा यंत्रात तीन थर असतात. सर्वांत खाली कंपनीची प्रणाली, म्हणजे फर्मवेअर. तिच्यावर बदल करणाऱ्यांनी बसवलेला थर. थ्रीडीएसवर तो सहसा 'ल्यूमा' नावाचा असतो, स्विचवर 'अ‍ॅटमॉस्फिअर'. आणि सर्वांत वर गेम. या तिन्ही थरांची अपडेट वेगवेगळी येतात आणि तीन वेगवेगळ्या घरांतून येतात. कंपनी मधल्या थराचा विचार करत नाही; उलट तो मोडावा अशीच तिची इच्छा असते. मधला थर लिहिणाऱ्यांना कंपनीचे बेत आधी कळत नाहीत. आणि गेम बनवणाऱ्याने फक्त न बदललेले यंत्र डोळ्यांपुढे ठेवलेले असते. तिघांचा एकमेकांशी संवाद नाही. म्हणून मेळ घालण्याचे काम यंत्राच्या मालकावर येते. 'अपडेट' हा एकच शब्द आपण या तिन्हींना लावतो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

मग गेमचे अपडेट टाळलेलेच बरे नाही का? तसेही नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये थ्रीडीएससाठी 'पोकेमॉन एक्स' आणि 'पोकेमॉन वाय' हे गेम जगभर एकदम विक्रीला आले. त्यातल्या ल्युमिओस सिटी या शहरात काही ठिकाणी खेळ साठवला, की पुन्हा सुरू करताना तो तिथेच अडकून पडे. कित्येक तासांचा खेळ अडकला. निन्टेन्डोने त्याच महिन्यात दुरुस्तीचे अपडेट दिले. ज्याने ते घेतले नाही, तो धोका पत्करून खेळत राहिला. म्हणजे गेमचे अपडेट हे अनेकदा औषध असते.

पण औषधाला दुसरी बाजूही असते. ऑगस्ट २०१५ मध्ये थ्रीडीएसवरच्या 'आयर्नफॉल' या गेममधली एक त्रुटी वापरून यंत्राचे कुलूप उघडण्याचा मार्ग प्रसिद्ध झाला. निन्टेन्डोने तो गेम आपल्या दुकानातून काढून घेतला, आणि नंतर तो दुरुस्त होऊन परत आला. ज्यांच्या यंत्राचा सगळा बदल त्या एका गेमवर अवलंबून होता, त्यांच्यासाठी गेमचे अपडेट म्हणजे दार बंद होणे होते. आपल्या यंत्रातला बदल कशावर उभा आहे, हे माहीत असले पाहिजे ते यासाठी.

थरांचा मेळ चुकला तर काय होते, हे स्विचवर सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे गेमला प्रणालीची एक किमान आवृत्ती लागते. नवे अपडेट टाकले, की गेम म्हणतो, मला याहून नवी प्रणाली हवी. प्रणाली नवी केली, की मधला जुना थर म्हणतो, ही प्रणाली मी ओळखत नाही; आणि यंत्र त्या वाटेने सुरूच होत नाही. एका बोटाच्या स्पर्शाने सुरू झालेली साखळी इथवर येते. मागे फिरावे म्हटले तर तेही सोपे नाही. स्विचच्या चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज आहेत. प्रणालीच्या ठरावीक अपडेटच्या वेळी त्यातला एखादा कायमचा जाळला जातो. नंतर जुनी प्रणाली घालून यंत्र मूळ पद्धतीने सुरू करायला गेलात, तर ते फ्यूज मोजते आणि नकार देते. घरातला फ्यूज गेला तर आपण तार बदलतो. इथे ती सोय नाही.

म्हणून क्रम उलटा धरावा. आधी मधला थर नवा करावा, मग प्रणाली, आणि शेवटी गेम. कारण साधे आहे. मधल्या थराची नवी आवृत्ती जुनी प्रणालीही ओळखते. जुनी आवृत्ती मात्र नवी प्रणाली ओळखत नाही. कंपनीची नवी प्रणाली आली, पण मधल्या थराची तिला जुळणारी आवृत्ती अजून आली नाही, तर थांबावे. या थांबण्याने यंत्राचे काहीच नुकसान होत नाही.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. अनेकांना वाटते, इंटरनेट बंद ठेवले म्हणजे प्रणाली आपोआप बदलणार नाही. पण पीएसपीच्या चकत्यांमध्ये, थ्रीडीएसच्या आणि स्विचच्या कार्डांमध्ये गेमबरोबर प्रणालीचे अपडेटही दिलेले असू शकते. नवे कार्ड खोचले, की सूचना तिथूनच येते. तेव्हा सूचना गेमच्या अपडेटची आहे की प्रणालीच्या, हे वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

आता प्रत्यक्ष तयारी. पहिली गोष्ट, आपले यंत्र बदललेले आहे का ते ओळखणे. थ्रीडीएसवर 'सिलेक्ट' बटण दाबून धरून यंत्र सुरू केले आणि ल्यूमाचा तक्ता उघडला, तर ते बदललेले आहे. स्विचवर सेटिंग्जमध्ये प्रणालीच्या आवृत्तीपुढे 'एएमएस' ही अक्षरे दिसली, तर अ‍ॅटमॉस्फिअर चालू आहे. त्यापुढे 'ई' असेल तर यंत्र कार्डावरच्या प्रतीतून चालले आहे, 'एस' असेल तर मूळ मेमरीतून. हे एक अक्षर फार महत्त्वाचे आहे, कारण आपण जे बदलणार ते कुठे बदलणार, हे ते सांगते. प्रणालीची प्रत कार्डावर ठेवून सगळे प्रयोग तिच्यावर करायचे आणि मूळ मेमरीला हात लावायचा नाही, ही पद्धत म्हणूनच शहाणपणाची.

दुसरी गोष्ट, प्रत. यंत्राच्या अंतर्गत मेमरीची संपूर्ण प्रत काढून ती संगणकावर ठेवावी. थ्रीडीएसची ही प्रत साधारण एक जीबीची होते. पहिल्या स्विचची ३२ जीबीची. ती त्याच यंत्राच्या उपयोगाची असते, कारण प्रत्येक यंत्राची सांकेतिक किल्ली वेगळी असते. मित्राच्या यंत्राची प्रत आपल्या यंत्राला वाचवत नाही. आणि ती त्याच कार्डावर ठेवण्यातही अर्थ नाही. कार्ड गेले की प्रतही गेली.

तिसरी गोष्ट, खेळाची नोंद, म्हणजे 'सेव्ह'. गेम पुन्हा मिळवता येतो. तीनशे तास खेळून उभारलेले गाव किंवा संघ पुन्हा मिळत नाही. मुलाच्या लेखी यंत्रातली सर्वांत मोलाची वस्तू हीच असते. आणि ती नेमकी कुठे असते, ते यंत्रागणिक बदलते. थ्रीडीएसवर कार्डाच्या गेमची नोंद बहुधा गेमच्याच कार्डात असते, उतरवून घेतलेल्या गेमची एसडी कार्डावर. स्विचवर ती यंत्राच्या अंतर्गत मेमरीत असते. मेमरी कार्डाची नक्कल केली म्हणून ती आपल्या हाती येत नाही. पण यंत्र कार्डावरच्या प्रतीतून चालत असेल, तर नोंदही कार्डावरच असते. 'चेकपॉइंट'सारखे हौशी प्रोग्राम ही नोंद वेगळी काढून ठेवतात. दर अपडेटच्या आधी ती काढावी. नव्या आवृत्तीत साठवलेली नोंद जुनी आवृत्ती अनेकदा वाचत नाही. तेव्हा अपडेट आवडले नाही तर काढून टाकू, हा हिशेब नोंदीला लागू पडेलच असे नाही.

चौथी गोष्ट, मेमरी कार्ड. बाजारात बनावट कार्डे खूप आहेत. वर २५६ जीबी लिहिलेले असते, आत त्याच्या काही अंश जागा. जागा संपली की नवे लिहिताना जुने पुसले जाते, आणि यंत्र तक्रारही करत नाही. नवे कार्ड आणले की 'एचटूटेस्टडब्ल्यू'सारख्या मोफत प्रोग्रामने संगणकावर पूर्ण तपासून घ्यावे. कार्डाची मांडणी 'फॅट ३२' ठेवावी. बदललेल्या स्विचवर 'एक्सफॅट' मांडणीचे कार्ड खराब होण्याचा धोका अधिक असतो. अपडेट चालू असताना बॅटरी भरलेली असावी, चार्जर लावलेला असावा, आणि कार्डाला हात लावू नये.

पाचवी गोष्ट, फाइल कुठून घेता. इथे एक जुनी हकीकत सांगतो. २००५ साली पीएसपीच्या २.०० या आवृत्तीवर हौशी प्रोग्राम चालेनासे झाले, म्हणून लोकांना मागच्या १.५० आवृत्तीवर जायचे होते. त्या घाईचा फायदा घेऊन ऑक्टोबर २००५ मध्ये एक प्रोग्राम पसरवला गेला. नाव मागे नेणाऱ्या साधनाचे; काम मात्र यंत्राच्या मेमरीतल्या मूळ फाइली पुसण्याचे. ज्याने चालवला, त्याचे पीएसपी पुन्हा सुरू झाले नाही. अशा यंत्राला या क्षेत्रात 'वीट' म्हणतात, कारण मग त्याचा उपयोग तेवढाच उरतो. त्या विटा जिवंत करण्याचा मार्ग सापडायला २००७ उजाडले. बॅटरीतल्या छोट्या चिपवर एक विशिष्ट क्रमांक लिहिला, की पीएसपी दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू होते, हे तेव्हा उघड झाले. नंतरच्या मॉडेलांत तो मार्गही बंद करण्यात आला. तात्पर्य असे, की मधल्या थराच्या फाइली त्या लिहिणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्याव्यात. 'एकाच फाइलीत सगळे' अशी जाहिरात दिसली की तिथून दूर राहावे. गेमचे अपडेट कंपनीच्या सर्व्हरवरून, आपण विकत घेतलेल्या गेमसाठीच घ्यावे.

त्यासाठी इंटरनेटला जोडले, तर मात्र कंपनीला बदल कळू शकतो. निन्टेन्डो अशा यंत्रांना आपल्या ऑनलाइन सेवेतून कायमचे वगळते. मे २०२५ मध्ये तिने अमेरिकेतील ग्राहकांसाठीच्या करारात, यंत्र कायमचे निरुपयोगी करण्याचा हक्कही लिहून ठेवला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. यात 'हक्कभंगाच्या हेतूने' या शब्दांना महत्त्व आहे. घरात बदललेले यंत्र असेल, तर त्यावर काय चालते याची पालकांनी चौकशी करावी ती यासाठीही.

शेवटी जुन्या यंत्रांविषयी. थ्रीडीएसच्या दुकानात नवी खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली, आणि बहुतेक ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये थांबला. पूर्वी घेतलेले गेम आणि त्यांची अपडेट तूर्त उतरवता येतील, असे निन्टेन्डोने तेव्हा कळवले. कधीपर्यंत, ते सांगितले नाही. ज्यांच्याकडे थ्रीडीएस आहे त्यांनी आपल्या गेमची शेवटची अपडेट एकदा उतरवून घ्यावीत, कार्डाची संगणकावर नक्कल करून ठेवावी, आणि मग यंत्राला शांतपणे खेळू द्यावे. अशा यंत्राला पुढे अपडेटची फारशी गरज नाही. त्याला गरज आहे ती नीट चालणाऱ्या बॅटरीची, चांगल्या कार्डाची आणि कुठेतरी जपून ठेवलेल्या एका प्रतीची.