जुनं घर घेताना
औंढ्यात नागनाथाच्या देवळाजवळच्या जुन्या वस्तीतलं चार खणांचं घर दाखवताना दलाल नवा रंग दाखवतो. श्रोतेहो, तुम्ही आधी माळवद बघा. गळती थांबवायला वर्षानुवर्षं माती चढवली, की ओझं वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत अशाच ओझ्याखाली माणसं झोपेतच गाडली गेली. हिंगोली जिल्ह्यालाही २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसलाच. जादा माती उतरवता येते. भिंतीचं मात्र अवघड. दगडमातीची भिंत दोन पदरी असते. पदरांना बांधणारे आरपार दगड नसले, की तिला पोट येतं. तुळईचं भिंतीतलं टोकही टोकरून पाहा, वाळवी तिथं दडते. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. खरेदीखत आणि वारसांची नावं पाहिल्यावरच भावाचं बोला.