संगणक-दुरुस्तीला प्रमाणपत्र लागते का?

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले, नागझिरा अभयारण्याच्या कडेचे गाव. अशा गावी शाळेतला किंवा घरचा संगणक बंद पडला की तो उचलून तिरोड्याला किंवा गोंदियाला न्यावा लागतो. मग दहावी झालेल्या एखाद्या मुलाला वा मुलीला वाटते, हे काम आपणच शिकलो तर? लागलीच दुसरा प्रश्न उभा राहतो : त्यासाठी प्रमाणपत्र लागते का? अभ्यासक्रमाची फी धानाच्या पैशांतून जायची असते. म्हणून हा प्रश्न नीट तपासून पाहू.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहा. घरातील वीजजोडणीचे काम करायला तारतंत्रीचा परवाना लागतो, कारण तेथे चूक झाली तर घर पेटते, माणूस दगावतो. संगणक दुरुस्त करण्यासाठी असा परवाना आपल्याकडे नाही. म्हणजे कागदाशिवायही तुम्ही हे काम सुरू करू शकता. पण याचा अर्थ ज्ञानाशिवाय सुरू करू शकता, असा मात्र नाही!

एक साधे उदाहरण घ्या. संगणक रोज सकाळी चुकीची तारीख दाखवतो. न शिकलेला कारागीर म्हणेल, ‘मुख्य पट्टच बदलावा लागेल.’ विचार करणारा कारागीर मल्टिमीटर काढून त्या पट्टावरील नाण्याएवढ्या घटाचा दाब मोजतो. संगणक बंद असताना आतले घड्याळ हाच घट चालवतो. त्याचा दाब सुमारे ३ व्होल्ट हवा. तो बराच उतरला असेल तर घड्याळ मागे पडणारच. घट बदलायला थोडे रुपये लागतात, पट्ट बदलायला हजारो. गिऱ्हाइकाचे नुकसान टळले ते प्रमाणपत्रामुळे नव्हे, मोजमापामुळे.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची, असे आपण म्हणतो. पण हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य झाले. दाबाचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत ही वीज एकदिश करून धारित्रात साठवली जाते. समजा, धारित्र २२० मायक्रोफॅरडचे आहे. त्यात साठणारी ऊर्जा जवळजवळ साडेअकरा जूल होते. एक किलोचे वजन सुमारे १.२ मीटर उंचीवरून पडताना तेवढीच ऊर्जा देते.

गुंडी बंद केली, प्लग काढला, तरी हा भार लगेच नाहीसा होत नाही. त्याला वाट देणारा रोध २२० किलोओहमचा असेल, तर साधारण ४८ सेकंदांनी दाब ३७ टक्क्यांवर, म्हणजे १२० व्होल्टवर येतो. तो २-३ व्होल्टपर्यंत उतरायला चार मिनिटे लागतात. आणि तो रोधच जळालेला असेल तर? मग भार कितीतरी अधिक वेळ टिकतो. म्हणून शिकाऊ माणसाने ती पेटी उघडायचीच नसते.

उलट, कधी कधी आपल्यामुळे यंत्राला धोका असतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर घर्षणाने विद्युत्‌भार साचतो. सुमारे ३,००० व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. पण काही नाजूक चकत्या शंभर-दोनशे व्होल्टनेच निकामी होतात. म्हणून अनुभवी कारागीर मनगटाला भूसंपर्काचा पट्टा बांधून काम करतो.

मग प्रमाणपत्राचा उपयोग काय? प्रमाणपत्र म्हणजे अनोळखी माणसापुढे तुमच्या वतीने दिलेली साक्ष. चोरखमाऱ्यात तुम्ही कोणाचे कोण, काम कसे करता, हे सर्वांना ठाऊक असते. तेथे दुरुस्त झालेले चार संगणक हीच तुमची साक्ष. पण नागपूर-पुण्याच्या कंपनीत तुम्हाला कोण ओळखतो? तेथे अर्जांच्या ढिगातून निवड करताना आधी कागदच पाहिला जातो. शासकीय तांत्रिक पदांसाठी तर ठरवून दिलेली पात्रता असावीच लागते.

यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा मार्ग आहे. शिल्पकारागिरांना प्रशिक्षण देण्याची ही योजना भारत सरकारने १९५० साली सुरू केली. त्यात संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा, दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो कोणत्या संस्थेत चालतो, याची चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. पुढे १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी करता येते. तीत काम शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. परदेशात ‘कॉम्पटिया ए प्लस’ ही १९९३ पासूनची परीक्षा प्रसिद्ध आहे. तिचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नव्याने करावे लागते, कारण यंत्रे बदलत राहतात. गावात दुकान टाकणाऱ्याला त्या खर्चाची घाई नाही. आणखी एक गैरसमज दूर करा : एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते, दुरुस्त करायला नव्हे.

खाजगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. परीक्षा कोण घेते? प्रत्यक्ष यंत्रावर हात चालवायला किती तास मिळतात? हे प्रमाणपत्र पाहून कोण नोकरी देतो? उत्तरे गुळमुळीत आली, तर पैसे खिशातच राहू द्या.

तेव्हा क्रम असा ठेवावा. शाळेतले विजेचे धडे मन लावून शिका. मल्टिमीटर वापरायला शिका. सुटीत एखाद्या चांगल्या कारागिराजवळ बसून तो काय करतो ते पाहा. गाव सोडून नोकरी करायची असेल, तर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र अवश्य मिळवा. गावातच दुकान टाकायचे असेल, तर ते नंतर मिळवले तरी चालेल. पण यंत्र उघडण्याआधी त्यातल्या माहितीची प्रत काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून हवी. सुटा भाग बाजारात पुन्हा मिळतो. कोणाच्या घरच्या लग्नाची छायाचित्रे मिळत नाहीत.

आता तुमच्यासाठी काम. भंगारात गेलेला एखादा संगणक मिळवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, वीज न जोडता, त्याची बाजूची झाकणी काढा; वीजपुरवठ्याची पेटी मात्र बंदच ठेवा. तो नाण्याएवढा घट शोधून त्याचा दाब मोजा आणि वहीत लिहा. किती भरला?