अमेरिकी आणि ब्रिटिश विद्यापीठांतील वित्तशिक्षण

गुंतवणूक बँका, मालमत्ता व्यवस्थापन, विमा, लेखापरीक्षण आणि वित्तीय सल्ला या क्षेत्रांत काम करू इच्छिणारे विद्यार्थी परदेशी शिक्षणासाठी प्रामुख्याने अमेरिका आणि ब्रिटन या देशांचा विचार करतात. न्यूयॉर्क आणि लंडन ही जगातील दोन मोठी वित्तकेंद्रे या देशांत आहेत, हे त्याचे मुख्य कारण होय. दोन्हीकडील नामांकित पदव्यांना जगभर मान्यता असली, तरी अभ्यासक्रमाची रचना, नोकरभरतीचे वेळापत्रक आणि शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी यांत मोठा फरक आहे. वित्तसंस्था नवोदितांची भरती बहुतांशी त्याच देशातील विद्यापीठांतून करतात. त्यामुळे विद्यापीठाची निवड ही पुष्कळ अंशी नोकरीच्या देशाचीही निवड ठरते.

इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठांत व्यवसायशिक्षणाचा प्रवेश लवकर झाला. उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांच्या देणगीतून १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल स्थापन झाले. १९०८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने एमबीए अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये १८९५ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची (एलएसई) स्थापना झाली. मात्र लंडन आणि मँचेस्टर येथील बिझनेस स्कूल १९६० च्या दशकात निघाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या दोन्ही परंपरांत शिक्षण घेतले. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचेही अध्ययन केले. १९१६ मध्ये ते एलएसईत गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पूर्ण केला आणि १९२३ मध्ये डी.एससी. पदवी मिळवली.

पदवी अभ्यासक्रम

इंग्लंडमधील पदवी सामान्यतः तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमधील चार वर्षांची असते. अर्ज करतानाच विषय निश्चित करावा लागतो. यूकास या केंद्रीय व्यवस्थेमार्फत जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी सामान्यतः एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. प्रवेशात विषयातील गुणवत्तेला सर्वाधिक महत्त्व असते.

अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असते आणि मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाअखेर ठरतो. प्रवेशात गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रे आणि अभ्यासेतर कार्यही पाहिले जाते. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथे पदवी स्तरावर ‘वित्त’ हा स्वतंत्र मुख्य विषय नाही. तेथील विद्यार्थी अर्थशास्त्र, गणित यांसारख्या विषयांतून या क्षेत्रात जातात. व्हार्टन आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे स्टर्न स्कूल येथे मात्र पदवीपासूनच वित्तशास्त्र शिकवले जाते.

पदव्युत्तर अभ्यासक्रम

ब्रिटनमधील एम.एससी. बहुधा एका वर्षाची असते, तर अमेरिकी एमबीए सामान्यतः दोन वर्षांची. भारतातील तीन वर्षांची बी.कॉम. पदवी ब्रिटिश विद्यापीठे सहसा स्वीकारतात. अनेक अमेरिकी विद्यापीठे मात्र चार वर्षांच्या पदवीची अट घालतात.

एका वर्षात शिक्षण आटोपल्याने खर्च वाचतो, परंतु उन्हाळी उमेदवारीची, म्हणजेच इंटर्नशिपची, संधी मर्यादित होते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ती मधल्या सुटीत मिळते.

नोकरभरती

गुंतवणूक बँका आपले बरेचसे कायम कर्मचारी उन्हाळी उमेदवारांतून निवडतात. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षी काही दिवसांचे परिचयवर्ग आणि दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळी उमेदवारी असा क्रम असतो. अमेरिकेत ही उमेदवारी तिसऱ्या वर्षानंतर असली, तरी तिची निवडप्रक्रिया बऱ्याचदा दुसऱ्याच वर्षी सुरू होते. त्यामुळे विषय उशिरा ठरवण्याची अमेरिकी सवलत या व्यवसायापुरती बरीचशी कागदावरच राहते. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या एम.एससी.साठी सप्टेंबरात पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होताच नोकरीचे अर्ज भरावे लागतात.

कामाची परवानगी

अमेरिकेत एफ-१ व्हिसाधारकास पदवीनंतर बारा महिने काम करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या वर्गात मोडत असल्यास आणखी २४ महिने मिळू शकतात. अनेक विद्यापीठांनी आपले अर्थशास्त्र व वित्तविषयक अभ्यासक्रम या वर्गात नोंदवले आहेत; एकाच नावाच्या दोन पदव्यांत म्हणूनच हा भेद असू शकतो. पुढे लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा असतात. अर्ज अधिक आल्यास सोडत काढली जाते. नियोक्त्याची तयारी असूनही उमेदवारास देश सोडावा लागू शकतो.

ब्रिटनने १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ सुरू केला. त्यात पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांची मुभा मिळते; १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी ती १८ महिने करण्याचे ठरले आहे. त्यानंतरच्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी सोडत नसते, परंतु मान्यताप्राप्त नियोक्ता आणि ठरावीक किमान वेतन आवश्यक असते.

खर्च आणि अर्थसाहाय्य

अमेरिकेत पदवीसाठी चार वर्षांचे शुल्क आणि निर्वाह यांचा भार पडतो. तथापि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांनाही आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात आणि गरजेनुसार साहाय्य करतात. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावर असे साहाय्य कमी आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यास शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. लंडनमध्येच नोकरी करू इच्छिणाऱ्यास ती सोयीची नाही. मुंबईतील जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्ती देते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

निवडीचे निकष

शैक्षणिक कर्जाची परतफेड परदेशी वेतनातून होईल, असे बहुतेक कुटुंबे गृहीत धरतात. काम करण्याची परवानगी न मिळाल्यास तेच कर्ज रुपयांतील वेतनातून फेडावे लागते. म्हणून विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा विषयाची निश्चिती, उमेदवारीची संधी, परवानगीची मुदत आणि भारतात परतावे लागल्यास कर्ज झेपेल की नाही, हे निकष अधिक निर्णायक ठरतात. विषय पक्का असलेल्या आणि खर्च मर्यादित ठेवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास ब्रिटन सोयीचे ठरते. पूर्ण अर्थसाहाय्य किंवा ‘स्टेम’ वर्गातील अभ्यासक्रम मिळाल्यास अमेरिकेची बाजू बळकट होते.