सांदण: पायाखाली दगड, डोक्यावर आभाळाची चिरी

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावातून थोडं चाललं की जमीन अचानक दुभंगते. तीच सांदण दरी! कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग. १९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात १६४६ मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वोच्च शिखरही आहे.

आत शिरलात की दोन्ही बाजूंना बेसॉल्टच्या शेकडो फूट उंच भिंती. काही ठिकाणी दरी इतकी अरुंद की भर दुपारीही तळाशी ऊन पोचत नाही. वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. पाऊस सरल्यावर लगेच गेलात तर दुसऱ्यात कमरेपर्यंत, कधी त्याहूनही जास्त पाणी असतं. पुढे नुसते धोंडे, मग एकदम कोकणाकडे कोसळणारा कडा. दोर आणि जाणकार सोबती नसतील तर तिथूनच मागे फिरा.

पावसाळ्यात मात्र मुळीच जाऊ नका. घाटमाथ्यावरचं पाणी याच चिंचोळ्या वाटेने धावतं आणि बाजूला चढायला जागा नसते. मला डिसेंबर-जानेवारी सगळ्यात आवडतो. साम्रदमधला वाटाड्या घ्या, जेवणही गावातच सांगून ठेवा. पिठलं-भाकरी!

हातात वेळ असेल तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका.