कुंपण आणि शेत

कॅलिफोर्नियाच्या फिजिकल थेरपी मंडळात सात जागा आहेत. चार फिजिओथेरपिस्टांच्या, तीन सामान्य नागरिकांच्या. चौघांपैकी एक जण शिकवणारा हवा, उरलेल्या तिघांची पाच वर्षांची प्रॅक्टिस हवी. नागरिक सदस्यांची अट नेमकी उलटी : त्यांच्याकडे या मंडळाचा परवाना असता कामा नये. थेरपिस्ट आणि एक नागरिक राज्यपाल नेमतात, उरलेले दोन नागरिक विधिमंडळाच्या दोन सभागृहांकडून येतात. मुदत चार वर्षांची आणि सलग मुदती फार तर दोन. पगार नाही, कामाच्या दिवसाचा भत्ता १०० डॉलर. तेवढ्या वेळात स्वतःच्या क्लिनिकमध्ये यापेक्षा जास्त कमाई सहज होते, तेव्हा पैशासाठी इथे कुणी येत नाही.

मग कशासाठी येतात? बहुतेक थेरपिस्टांना वाटते, आपल्या व्यवसायाचे भले करावे. नेमके हेच या खुर्चीला चालत नाही. राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, जनतेचे संरक्षण हे मंडळाचे पहिले काम आहे आणि दुसऱ्या कुठल्या हिताशी त्याचा खटका उडाला, तर संरक्षणालाच झुकते माप द्यायचे. व्यवसायाची बाजू मांडायला अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन आहे, १९२१पासून. मंडळ म्हणजे तिची शाखा नव्हे. पण सदस्य बहुधा त्याच वर्तुळातून येतात, आणि काल ज्यांच्याबरोबर अधिवेशनात चहा घेतला त्यांच्याच फायली आज समोर येऊ शकतात.

परवाना देणे हे मंडळाचे सर्वांना ठाऊक असलेले काम. त्यातला अवघड भाग, म्हणजे परीक्षा, राज्ये स्वतः घेत नाहीत. सगळ्या राज्य मंडळांचा मिळून एक महासंघ आहे, तो देशभर एकच परीक्षा घेतो. गुण २०० ते ८०० या पट्टीवर, उत्तीर्ण व्हायला ६००. वर्षभरात तीनच प्रयत्न, आयुष्यात सहा. पदवी, परीक्षा, बोटांचे ठसे जमले की परवाना हाती येतो. त्यानंतर दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि तेवढ्या काळात ३० तासांचे पुढचे शिक्षण. हे सारे कार्यालयातले कर्मचारी सांभाळतात. सदस्याचा खरा कस लागतो तो शिस्तभंगाच्या प्रकरणांत.

तक्रार कुणीही करू शकतो : रुग्ण, विमा कंपनी, बरोबरचा कर्मचारी. मदतनिसाकडून व्यायाम करवून घेतले आणि बिल थेरपिस्टाच्या नावाने लावले, नोंदी मागाहून भरल्या, रुग्णाशी लैंगिक गैरवर्तन केले, असे विषय असतात. चौकशी कर्मचारी करतात, उपचाराचा मुद्दा असेल तर बाहेरचा तज्ज्ञ नोंदी तपासतो, बाजू अॅटर्नी जनरलच्या कार्यालयातले वकील मांडतात आणि सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते. तोवर सदस्याने त्यात तोंड घालायचे नाही. आरोपी ओळखीचा निघाला आणि ‘माझं जरा ऐकून घ्या’ म्हणाला, तरी ऐकायचे नाही. कारण शेवटचे मत सदस्यालाच द्यायचे असते.

समजा, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एका थेरपिस्टाला दोनदा शिक्षा झाली आहे. क्लिनिकमधल्या एकाही रुग्णाला इजा नाही, वीस वर्षांच्या प्रॅक्टिसवर डाग नाही. न्यायाधीशांनी सुचवले आहे : परवाना रद्द, पण ती कारवाई स्थगित ठेवून काही वर्षे देखरेखीखाली काम, अचानक केव्हाही लघवीची तपासणी, कामावर नजर ठेवायला दुसरा थेरपिस्ट. मंडळापुढे १०० दिवस असतात. प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारता येतो, किंवा फेटाळून सुनावणीचे सगळे कागद स्वतः वाचून निकाल देता येतो. काहीच केले नाही, तर प्रस्तावच निकाल ठरतो. इथे थेरपिस्ट सदस्याच्या मनात येते, ‘बिचाऱ्याचं अख्खं करिअर आहे.’ नागरिक सदस्याचा प्रश्न साधा असतो : ‘माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. तिला जिना चढायला हा शिकवणार असेल, तर मला चालेल का?’ दोन्ही प्रश्न खरे आहेत. मत देताना मात्र दुसरा आधी विचारायचा, एवढेच कायद्याचे म्हणणे.

बैठकांनाही असेच पहारे बसवले आहेत. विषयपत्रिका दहा दिवस आधी जाहीर करावी लागते आणि बैठकीत कुणीही येऊन बोलू शकतो. शिस्तभंगाची चर्चा बंद दाराआड होते, पण अंतिम निर्णय जाहीर होतो. एकमेकांना साखळीने फोन करून बहुमत आधीच जमवून आणणे बेकायदा आहे. आपल्याकडच्या समित्यांचा अनुभव असलेल्याला हे शेवटचे कलम वाचून हसू येईल.

इतका अविश्वास कशासाठी, याचे उत्तर नॉर्थ कॅरोलायनात मिळते. तिथल्या दंतवैद्यक मंडळात आठपैकी सहा दंतवैद्य होते. मॉलमध्ये स्वस्तात दात पांढरे करून देणारी दुकाने निघाली, तशी मंडळाने त्यांना धंदा बंद करा म्हणून किमान ४७ पत्रे धाडली. कारण दिले जनतेच्या संरक्षणाचे, पण बुडत होता तो दंतवैद्यांचाच धंदा. कुंपणाने शेत खाल्ले ते असे. फेब्रुवारी २०१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, मंडळाची सूत्रे त्याच व्यवसायात असलेल्यांच्या हाती असतील आणि राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यापासून त्याला आपोआप सुटका नाही.

फिजिओथेरपिस्टांनाही त्याच राज्यात असा चटका बसला. स्नायूत बारीक सुई घालून वेदना कमी करण्याच्या ड्राय नीडलिंगवर अॅक्युपंक्चर मंडळाने हक्क सांगितला आणि थेरपिस्टांना हे थांबवा अशी पत्रे दिली. फिजिओथेरपी मंडळाचे म्हणणे होते की, हे आमच्याच कामात बसते. दोन सरकारी मंडळे कोर्टात एकमेकांसमोर उभी राहिली. डिसेंबर २०१८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फिजिओथेरपी मंडळाचे म्हणणे उचलून धरले. कॅलिफोर्नियात मात्र तीच सुई थेरपिस्टाच्या कामाच्या बाहेर आहे. सुई तीच, शरीर तेच. राज्याच्या सीमेपलीकडे कायदा बदलतो.

या यंत्रणेची झळ मुंबई-पुण्यातल्या मुलांनाही लागली आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर मुंबईत केईएम रुग्णालयात देशातले फिजिओथेरपीचे पहिले शिक्षण सुरू झाले, आणि पुढे कितीतरी पदवीधर अमेरिकेला गेले. जुलै २०१०मध्ये महासंघाने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त या चार देशांतल्या महाविद्यालयांच्या पदवीधरांना परीक्षेला बसणे थांबवले. परीक्षा देऊन आलेले उमेदवार लक्षात राहिलेले प्रश्न पुढच्यांना पुरवतात, असे महासंघाला आढळले होते. नंतर त्यांच्यासाठी वर्षातून एकदाच होणारी वेगळी परीक्षा आली. ज्याने एकही प्रश्न कुणाला सांगितला नव्हता, त्याचेही वर्ष गेले. रुग्णाचे रक्षण म्हणून पेपर जपायलाच हवा होता. पण माणसाऐवजी देशाच्या नावावर काट मारली, की तो पहारा आंधळा होतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा २००२चा कायदा आहे, आणि २०२१मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. सप्टेंबर २०२५मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही, यावर दिल्लीत पत्र निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. वाद रंगला तो पाटीचा. खरे तर आता विचारायला हवे ते वेगळेच : परिषदेवर डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही असे किती जण बसणार? तक्रारीचा निकाल कुणालाही वाचता येणार का? आणि सदस्याच्या ओळखीचा माणूस आरोपी असेल, तेव्हा त्याने खोलीबाहेर जावे असे कुठे लिहिले आहे? परवाना कसा द्यायचा हे कुठल्याही कार्यालयाला शिकवता येते. आपल्याच माणसाचा परवाना काढून घेण्याची वेळ येते, तेव्हाच मंडळ कुणाचे आहे ते कळते.