माथ्यावरचा गंज
सयामी मांजरीची पिल्लं जन्मतात ती जवळजवळ पांढरी. मग हळूहळू त्यांचं नाक, कान, पंजे आणि शेपूट काळवंडत जातं. का? तर त्यांच्या अंगात रंग तयार करणारं विकर उबेत काम करत नाही, गारव्यात करतं! आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू गोरं. बाहेर आलं की शरीराची टोकं गार पडतात आणि रंग नेमका तिथेच चढतो.

आता माणदेशात या. आटपाडीकडे किंवा म्हसवडला एखाद्या गोठ्यात खिलार गाय नुकतीच व्यायली असेल, तर वासराचा माथा बघा. अंग पांढरट, आणि माथ्यावर लोखंडाला गंज चढावा तसा तांबूस रंग. नवख्याला वाटतं, कुणीतरी गेरूचा हात फिरवला. दोनेक महिने थांबा, तो रंग आपोआप जातो. सयामीत रंग चढतो, खिलारात उतरतो!

हे जनावर आलं कुठून? ‘खिल्लार’ म्हणजे कळप, आणि कळप राखणारे ते ठिलारी. खिलारचं नातं म्हैसूरकडच्या हल्लीकर आणि अमृतमहाल गुरांशी सांगतात. अमृतमहाल म्हणजे हैदर आणि टिपूच्या फौजेचं सामान ओढणारे बैल. इकडे त्यांच्या या भाऊबंदांच्या वाट्याला आला पर्जन्यछायेचा मुलूख. कडबा मिळाला तर मिळाला. अशा रानात जड अंगाचं, खादाड जनावर कोण सांभाळणार? काटक, चपळ वळू कळपात राहिला, बाकीचे खोंड खच्ची होऊन नांगराला गेले. पिढ्यान्‌पिढ्या हेच. कागद नाही, वंशावळ नाही, सगळी नोंद राखणाऱ्याच्या डोळ्यात.

मांजराचं अगदी उलट. त्याला कधी कुणी नांगराला जुंपलं नाही, म्हणून माणसानं त्याच्यात रूपच शोधलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि आज मिरवणाऱ्या बहुतेक जाती त्यानंतरच्या.

पण रूपात खिलार काय कमी आहे? खरसुंडीच्या बाजारात दावणीपुढे उभे राहा. लांबट, निमुळतं तोंड, कपाळावर मधोमध उभी खाच. शिंगं मुळाशी जवळजवळ, तिथून मागे झुकतात आणि मग धनुष्यासारखी वर वळतात. मालकानं ती साळून तेल लावलेली. काजळी खिलार असेल तर डोळ्यांभोवती खरोखर काजळ घातल्यासारखी काळी कड. जवळ जा, कान ताठ होतात. आणखी एक पाऊल टाका, शिंगं तुमच्याकडे वळतात. परक्या माणसावर याचा विश्वास नाही, आणि ते लपवण्याचे कष्टही तो घेत नाही.

दुधाचं म्हणाल तर निराशाच. एका वेतात चारशे लिटरच्या आसपास. होल्स्टीन तेवढं महिन्याभरात देते. मग ट्रॅक्टर आला, नांगर गेला. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, तेव्हा तर खोंड ठेवायचा कशाला हाच प्रश्न होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि दावणीला पुन्हा गिऱ्हाईक फिरू लागलं.

आता ओठ उचलून दात बघितले जातात: दुधाच्या दातांचा आदत, दोन दाती दुसा की चार दाती चौसा? मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. खोंड तोवर एका जागी उभा राहत नाही, मान झटकत राहतो. माथा पांढराफेक. तिथे कधी गंज होता, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.