आंबील सपक झाली? पातेल्यात मीठ टाकण्याआधी हे वाचा

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा पार पडली की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेचे वेध लागतात. आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी, भाकरी असा नैवेद्य घरोघरी तयार होतो. यातली भाजी बिघडली तर वेळेवर सावरता येते. आंबिलीचं तसं नाही. तिचं पीठ आदल्या दिवशीच भिजवलेलं असतं आणि सकाळी ती सपक निघाली की घरात एकच सल्ला मिळतो, 'अजून थोडं मीठ टाक.'

पण बऱ्याचदा कमी पडलेली गोष्ट मीठ नसतेच. मग ती ओळखायची कशी? आणि कुठली आंबील सावरायच्या भानगडीत न पडता सरळ ओतून द्यायची? समजून घेऊया.

आंबील आणि बिअर, एकाच कुळातल्या?

हो, दोन्ही धान्य आंबवूनच होतात. सिक्कीम आणि नेपाळमध्ये तर आपल्या नाचणीचीच बिअर बनते. तिला छांग म्हणतात. आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून नळीने प्यायचा तोंगबा हाही त्यातलाच प्रकार.

फरक आहे तो काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. नाचणीत स्टार्च असतो आणि यीस्टला तो थेट खाता येत नाही, त्याला साखर लागते. छांगसाठी 'मर्चा' नावाची विरजणाची वडी वापरतात. तिच्यातली बुरशी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. आंबिलीत मात्र पिठातले आणि ताकातले लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू काम करतात. म्हणून आंबील आंबट होते, पण तिने नशा येत नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. पण जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथले लोक आपली बिअर कशी चाखतात, ते आंबिलीसाठी शिकण्यासारखं आहे.

ते नेमकं काय करतात?

चव फिकी लागली म्हणून ते अख्ख्या पिंपात काही ओतत नाहीत. आधी थोडी बिअर चार-पाच ग्लासांत काढतात. एक ग्लास तसाच ठेवतात, बाकीच्या प्रत्येकात एकेकच गोष्ट मोजून घालतात आणि मग शेजारी शेजारी ठेवून चाखतात. जो बदल जमतो, तो त्याच प्रमाणात सगळ्या बिअरला लावतात.

आंबिलीसाठी हेच पाच वाट्यांत करा. प्रत्येक वाटीत सारखी आंबील घ्या.

- पहिली वाटी: काहीच घालू नका
- दुसरी: चिमूटभर मीठ
- तिसरी: दोन चमचे आंबट ताक
- चौथी: भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेला लसूण
- पाचवी: थोडं पाणी

पाचव्या वाटीचं आश्चर्य वाटेल. पण दाट पेजेत चव दबते, जिभेपर्यंत नीट पोचत नाही. त्यामुळे नुसती सैल केली तरी तीच आंबील चवदार लागू शकते. तसंच फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखू नका. गार पदार्थाचा वास कमी सुटतो आणि चवीतला मोठा वाटा वासाचाच असतो.

मग सपकपणा येतो कुठून?

सगळ्यात मोठं कारण थंडी. वैशाखात एका रात्रीत आंबणारं पीठ मार्गशीर्षात तेवढ्याच वेळात निम्मंही आंबत नाही, कारण गारठ्यात जीवाणूंचं काम मंदावतं. आणि कोल्हापुरात आंबिलीचा नैवेद्य नेमका थंडीतच असतो. त्यामुळे 'रात्रभर भिजवा' हे उन्हाळ्यातलं माप इथे अपुरं पडतं.

यावर तीन उपाय आहेत.

एक, वेळ वाढवा. पीठ सकाळऐवजी संध्याकाळपर्यंत ठेवा किंवा आदल्या दिवशी लवकर भिजवा. भांडं गरम कपड्यात गुंडाळून उबेला ठेवा.

दोन, विरजण वापरा. ताजं, आंबट ताक घालून पीठ भिजवलं की जीवाणूंची फौज सुरुवातीपासूनच हजर असते. मीठ मात्र शिजवताना घाला. आंबवताना जास्त मीठ पडलं तर जीवाणूंचं काम आणखी मंदावतं.

तीन, मोड आणून दळलेल्या नाचणीचं एक-दोन चमचे पीठ मिसळा. मोड येताना धान्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम तयार होतात. बिअरसाठी बार्लीला मोड आणतात, तेही यासाठीच. त्यातून सुटणारी साखर जीवाणूंना खाद्य म्हणून मिळते आणि आंबीलही कमी दाट होते.

अंदाज घ्यायचा तो सगळं पीठ शिजवण्याआधी. एक डाव आंबवलेलं पीठ छोट्या भांड्यात शिजवून चाखा. आंबटपणा कमी वाटला तर बाकीचं पीठ आणखी काही तास ठेवता येतं. सगळं शिजवून झाल्यावर ही संधी जाते, कारण जीवाणू उष्णतेने मरतात. मग हातात उरतं ते फक्त ताक, मीठ आणि फोडणी.

हा फक्त चवीचा प्रश्न आहे का?

नाही. आंबटपणा म्हणजे आम्ल आणि आम्ल हेच आंबिलीचं संरक्षण आहे. अन्नप्रक्रियेत ४.६ पीएच ही महत्त्वाची रेषा मानतात. त्याखाली बोट्युलिझमचा जीवाणू वाढत नाही, इतर अनेक घातक जीवाणूंनाही वाढणं अवघड जातं. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात.

सपक आंबील म्हणजे बहुतेक वेळा कमी आम्लाची पेज. शिजवल्यानंतरही काही जीवाणूंचे बीजाणू तग धरून राहतात आणि अशी पेज तासन्‌तास कोमट राहिली की वाढू लागतात. नैवेद्याचं पातेलं मोठं असतं, सावकाश निवतं आणि त्यातली आंबील लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पितात. म्हणून कमी आंबलेली आंबील लहान भांड्यांत काढून लवकर गार करा आणि त्याच दिवशी संपवा.

पिठावर हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, पीठ तारेसारखं ओढलं जाऊ लागलं किंवा कुजका वास आला, तर ते शिजवू नका, चाखूही नका. वरचा थर काढून उरलेलं वापरणंही धोक्याचं आहे.

नीट आंबवण्याचा आणखी काय फायदा?

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. पण धान्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. आंबवल्याने हे फायटिक आम्ल कमी होतं आणि खनिजं शरीराला अधिक मिळतात. पुरेसा वेळ न देता नुसतं ताक ओतून आंबट केलेल्या पेजेत हा फायदा तेवढा मिळत नाही.

थोडक्यात, पीठ शिजवण्याआधी डावभर शिजवून बघा, शिजवल्यावर पाच वाट्या मांडा आणि एका वाटीत एकच बदल करा. एवढं करूनही चिमूटभर मीठच कमी होतं असं निघालं, तर खुशाल टाका.